एका विस्तवाच्या दोन चुली

आमच्या गावात धुराच्या दारोग्याबद्दल अजून तीन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की माझ्या आत्याशी त्याचं काहीतरी होतं. दुसरी, बायकांच्या चुलींवर नजर ठेवली म्हणून देवानं त्याचे डोळे नेले. आणि तिसरी, डोळे गेल्यावर त्यानं पाटलांच्या म्हशीला वाकून सलाम केला, म्हशीनं मान हलवली, तेव्हा "मेहरबानी आपकी" म्हणून तो पुढं गेला.

पहिली गोष्ट गावानं रचली, दुसरी आत्यानं आणि तिसरी मी. म्हशीला सलाम त्यानं खरंच केला होता. पण म्हशीनं मान हलवली नव्हती आणि तो काही बोललाही नव्हता. ते दोन्ही मी पदरचं घातलं, आणि लग्नाच्या पंगतींत, पारावर, शाळेच्या ओसरीत इतक्यांदा सांगितलं की परवा माझ्या नातवानं तीच गोष्ट मला ऐकवली. म्हैस कोणत्या रंगाची होती तेही सांगितलं. आता दारोगा गेला, आत्या गेली, म्हैस तर कधीच गेली. त्या माणसाच्या नावावर एवढी एक म्हैस राहावी हे काही बरं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दारोगा म्हटलं की लोकांना पोलीस आठवतो. हा तसला नव्हता. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्या कसब्यालाही बलदिया होती, म्हणजे आजच्या भाषेत नगरपालिका. तिचा कारभार म्हणजे एक चावडीतली खोली, चार कंदील, दोन झाडूवाले आणि हा दारोगा. नाल्या वाहतात की नाही, कंदील लागतात की नाही आणि गावात नवीन घर कोण बांधतो, एवढं त्यानं बघायचं. गाव त्याला समोर 'साहेब' म्हणायचं आणि पाठ फिरली की 'तो'. मीही तसंच म्हणत आलो. या वयात सवय मोडत नाही, तेव्हा इथंही 'तो'च म्हणतो.

माणूस उंच, वाळका, मानेनं करकोच्यासारखा. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी, आणि बाराही महिने काखेत छत्री. तो मोमिनाबादचा. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, पण मधूनच त्याची दखनी तिच्यात शिरायची, आणि कुणी हसलं तर म्हणायचा, "आमच्याकडं मराठी बी उर्दूतनंच बोलतेत." कुणाच्याही घरी गेला की सलाम करायच्या आधी हवा हुंगायचा. त्यामुळे त्याचा सलाम नेहमी शिंक येता येता राहिल्यासारखा दिसे.

प्लेगाच्या साथीनंतर बलदियानं एक नियम काढला होता. एका आवारात एकच घर. दुसरं बांधायचं असेल तर त्याचं दार बैलगाडी जाईल एवढ्या रस्त्यावर उघडलं पाहिजे, ते विहिरीपासून लांब पाहिजे आणि शेजाऱ्याची हरकत नको. साथीत माणसं एकमेकांच्या अंगावर राहून मेली होती, तेव्हा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गावात बैलगाडी जाईल असे रस्ते दोन, आणि हरकत नसलेला शेजारी एकही नाही. मग लोकांनी वाट काढली. गोठ्याला आणि कडब्याच्या खोलीला परवानगी लागत नसे. दोन-तीन वर्षांत गावात जनावरांपेक्षा गोठे जास्त झाले. लग्न झालेला पोरगा गोठ्यात, म्हातारी सासू गोठ्यात, एका सावकारानं तर आपला घरजावई कडब्याच्या खोलीत ठेवला होता. गाव म्हणे, बरोबरच आहे.

आधीचे दारोगे यायचे, भिंती बघायचे, "हा गोठा" असं ऐकून पानसुपारी खाऊन जायचे. हा आला आणि त्यानं भिंती बघणंच सोडलं. "भिंत झूट बोलते," तो म्हणे, "दार झूट बोलते. धूर न्हाई बोलत." त्याच्या लेखी घर भिंतीनं होत नव्हतं, छपरानं होत नव्हतं, चुलीनं होत होतं. जिथं चूल पेटली ते घर, मग त्याला तुम्ही गोठा म्हणा नाहीतर मक्का म्हणा.

वेशीजवळ पडक्या गढीचा एक बुरूज उभा होता. रोज सकाळी उजाडता आणि संध्याकाळी दिवेलागणीला हा त्या बुरुजावर चढे, पोतं अंथरून बसे आणि सगळ्या गावाचा धूर बघे. पऱ्हाट्यांचा धूर, तुराट्यांचा धूर, गोवरीचा धूर, कुणाच्या माळवदातून उठतो, कुणाच्या परसातून. जिथं काल नव्हता तिथं आज धूर दिसला, की हा काखेत छत्री मारून त्या दारात हजर.

लोकांनी त्यालाही तोडगे काढले. कुणी भर दुपारी हा झोपला की चूल पेटवायचं. एकानं परसातला धूर पन्हाळीनं शेजाऱ्याच्या छपरावर सोडला, त्यावरून डोकी फुटली. आणि हा काही चुकत नसे असंही नाही. एकदा कुंभारवाड्याच्या बाजूला एका गोठ्यातून सारखा धूर दिसायला लागला, सकाळी थोडा, दुपारी थोडा. हा गेला, "दुसरी चूल पकडली" म्हणत दार ढकललं, तर आत बाजेवर बाळंतीण आणि बाजेखाली शेपा-ओव्याची धुरी. तिच्या आईनं हातातला तांब्या याच्या टोपीवर घातला. टोपी उचलायलाही न थांबता हा बाहेर आला, आणि तिथंच उभं राहून त्यानं निवाडा दिला, की धुरी म्हणजे चूल नव्हे, ह्या खोलीला घर म्हणता येत नाही. पुढं गावात गोठ्यातला धूर दिसला की लोक बाळंतीण दाखवायला लागले. सत्तरीच्या बाळंतिणी निघाल्या.

एवढं सगळ्यांच्या चुलींचं बघणारा हा माणूस स्वतः चावडीमागच्या खोलीत राहत होता आणि त्या खोलीत चूल नव्हती. बायको वारली होती, मूल नव्हतं. भटियाऱ्याकडून रोटी आणून गार खायचा. म्हणजे त्याच्याच नियमानं तो गावात राहत नव्हता.

आता आत्या.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. तिला सिरसाळ्याकडं दिलं होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि सवतीला पहिला मुलगा झाला त्या महिन्यात आत्या एक तांब्याची घागर आणि एक बोचकं घेऊन आमच्या दारात आली. घरात जागा होती. स्वयंपाकघरात नव्हती. आई आणि आत्या दोघीही चांगल्या बायका, पण एका चुलीपुढं बसल्या की मिठावरून सुरू व्हायचं आणि माहेरच्या सात पिढ्यांपर्यंत जायचं. आत्याचा आवाज असा, की ती परसात कुजबुजली तरी वेशीतला पहारेकरी जागा व्हावा. शेवटी वडिलांनी परसात एक खोली घातली आणि बलदियाला कळवलं, कडब्यासाठी. तिच्यात कडबा जायच्या आधी आत्यानं चूल मांडली.

दारोगा तिसऱ्या दिवशी आला. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून चिकटलो होतो. सुट्टीचा दिवस, म्हणून घरीच होतो. तो खोलीच्या दाराशी गेला नाही, विहिरीजवळ थांबला आणि वडिलांना विचारलं, "ह्या खोलीत काय ठेवता?"

"कडबा," वडील म्हणाले.

त्यानं नाक वर केलं. "कडब्यानं मेथी केलीय. लसूण जास्ती पडला."

आतून आत्या म्हणाली, "लसूण बराबर हाय. तुमच्या नाकाचं बघा."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. दारोगा मात्र रागावला नाही. त्यानं सगळा नियम पहिल्यापासून सांगितला, आणि आमचा बोळ दाखवून म्हणाला, "गाडी तर सोडा, ह्या बोळात माझी छत्री उघडत न्हाई. ही खोली पाडावी लागंल." मग आत्या पदर खोचून दारात आली. तिचं म्हणणं असं, की हे घर तिच्या भावाचं, ती भावाच्या घरात राहते, मग दुसरं घर कुठून आलं? दारोगा म्हणाला, चूल वेगळी म्हणजे घर वेगळं.

"चूल येगळी असंल," आत्या म्हणाली, "पर इस्तू एक हाय. रोज सकाळी वैनीच्या चुलीतला इस्तू आणून मी माझी चूल पेटवते. एका इस्तवाच्या दोन चुली, आन् घरं दोन कशी?"

हे धडधडीत खोटं होतं. आत्या काडेपेटी वापरायची आणि तिनं आईशी बोलणं टाकून दोन महिने झाले होते. पण दारोगा विहिरीच्या काठावर बसला. छत्री मांडीवर आडवी घेतली आणि विचारात पडला. त्या काळी विस्तव मागायला शेजारी जायची रीत होतीच, पण तिचा असा अर्थ कुणी लावला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर करून आईला विचारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"माय, तुमी देता इस्तू?"

सगळे आईकडं बघायला लागलो. एक 'नाही' म्हटलं असतं तर आत्या त्या दिवशी सिरसाळ्याच्या वाटेला लागली असती. आणि आईनं ते म्हणावं अशी कारणं आईजवळ भरपूर होती.

"देते की," आई म्हणाली, आणि आत गेली. नंतर वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, परक्या माणसापुढं घरातलं कशाला.

मग दारोग्यानं उभं राहून निवाडा दिला. विस्तव एक तर घर एक. पण उद्यापासून बुरुजावरून तो बघणार. आधी मोठ्या चुलीचा धूर निघाला पाहिजे, मग परसातल्या. ज्या दिवशी परसातला धूर आधी निघेल त्या दिवशी विस्तव वेगळा, घर वेगळं, आणि खोली जमीनदोस्त.

झालं. ज्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्यांना रोज उजाडता विस्तवाची देवघेव करणं भाग पडलं. आई खापरीत निखारे घालून उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. आत्या यायची, खापरी उचलायची, जायची. आदल्या दिवशी काही बिनसलं असेल तर आई विझत आलेले निखारे ठेवी, आणि आत्या परसातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं फुंकणीनं फुंकत बसे. पुढं पुढं आई निखाऱ्यांवर गोवरीचा तुकडा ठेवायला लागली. एक दिवस आत्या म्हणाली, "आज इस्तू बरा हाय." आई म्हणाली, "वन्सं, रोज बराच असतो." त्यावरून जे भांडण झालं ते दुपारपर्यंत चाललं. पण बोलणं सुरू झालं होतं. आधी त्या न बोलता भांडत होत्या, आता बोलून भांडायला लागल्या. वडिलांना आधीचं बरं वाटायचं.

हा निवाडा गावात पसरला आणि महिन्याभरात सकाळच्या वेळी सगळं गाव खापऱ्या घेऊन पळायला लागलं. वेगळे निघालेले भाऊ, रुसलेल्या सासवा, तो घरजावईसुद्धा, सगळे मोठ्या चुलीतला विस्तव आणायला लागले. दारोगा बुरुजावर बसून कुणाचा धूर आधी, कुणाचा नंतर हे बघे आणि खूश असे. आयुष्यात त्यानं केलेला तो एकच कायदा, आणि तो चालत होता.

आमच्या परसाला लागून आमच्या एका चुलत्याचं घर होतं. त्याचा त्या परसावर फार दिवसांचा डोळा. त्यानं बीडला अर्ज केला, की दारोगा कायदा सोडून वाटेल ते चालवतो. बीडहून एक मोठे अधिकारी दौऱ्यावर आले. तरुण होते, हैद्राबादेत शिकलेले. चावडीसमोर खुर्च्या मांडल्या, गाव जमलं, मीही होतो. त्यांनी दारोग्याला विचारलं, विस्तवाचा हा नियम कुठल्या कायद्यात आहे?

"कायद्यात न्हाई, सरकार," दारोगा म्हणाला, "पर खरा हाय."

अधिकारी हसले. बोटांतली सिगारेट पुढं करून म्हणाले, "म्हणजे माझ्या सिगारेटीवर मी तुझी सिगारेट पेटवून दिली, तर तू आणि मी एका घरचे?"

"जी," दारोगा म्हणाला, "शिग्रेट चालू हाय तवर."

अधिकाऱ्यांचं हसू थांबलं, पण तोवर सगळे हसायला लागले होते. मी पण. अजूनही ते उत्तर मला त्या दिवशीच्या सगळ्या कायद्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. हसलो मात्र मी इतरांसारखंच, म्हणजे दारोग्याला.

हुकूम झाला. परवानगीवाचूनच्या सगळ्या दुसऱ्या चुली मोडायच्या. पुन्हा धूर दिसला तर खोली पाडायची. आणि आमच्या परसावर तक्रार होती म्हणून दारोग्यानं रोज संध्याकाळी बुरुजावर जाऊन लिहून कळवायचं, की तिथं धूर आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी दारोगा आमच्याकडं आला. हुकूम त्यानं जमिनीकडं बघत सांगितला. आत्या उठली. पहार घेतली आणि स्वतःच्या हातानं चूल फोडली, ढेकळं त्याच्या बुटांपुढं आणून टाकली. मग आत जाऊन बोचकं बांधायला लागली. वैनीच्या ताटात मिंधी होऊन बसण्यापेक्षा सवतीच्या दारात पाणी भरीन, असं तिचं चाललं होतं. वडील तिची समजूत घालून थकले. आई म्हणाली, जायचं तर जाऊ द्या. आणि तांब्याची घागर उचलून तिनं माळ्यावर नेऊन ठेवली, आणि खाली येऊन शिडी काढून घेतली. घागर सोडून आत्या जाणार नाही हे तिला ठाऊक होतं.

चूल मोडायला हुकूम लागतो, मांडायला चिखल पुरतो. आठवड्याच्या आत आत्यानं नवी चूल मांडली. वाळली तशी पेटवली. वडील दारात जाऊन बसले, आता पाडायला येतील म्हणून. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याच सुमाराला गावात बोलवा उठली, की दारोग्याला दिसेनासं झालंय. चावडीच्या खांबाला तो धडकला. एका झाडूवाल्याला त्यानं तहसीलदारसाहेब म्हणून हाक मारली. पाटलांच्या म्हशीला सलाम केला तो या दिवसांत. दोन्ही वेळा बुरुजावर चढणं मात्र त्यानं सोडलं नाही. भिंतीला हात लावत चढायचा. लिहिणं जमत नाही म्हणून त्यानं मला बोलावलं, कारण गावात उर्दू नीट लिहिणारे आम्ही दोघे-चौघेच. रोज संध्याकाळी मी त्याचा हात धरून त्याला वर नेई. तो आमच्या घराच्या दिशेला तोंड करून बसे आणि सांगे, "लिवा. आज धूर दिसला न्हाई." समोर आत्याच्या चुलीचा धूर दोरखंडासारखा वर चढलेला असायचा. मी लिहायचो. मनात म्हणायचो, बरं झालं याचे डोळे गेले. आत्या तर उघडच म्हणायची, देवानंच केलं, बायकांच्या चुलीत बघतो का मेल्या.

एक दिवस बुरुज चढताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. वर जाऊन मी टाच चोळत बसलो, तो काही निघेना. उजेड उतरला होता. दारोग्यानं माझा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला, शेरवानीच्या कॉलरची टाचणी काढली, आणि दोन वेळा टोचून काटा वर काढला. काट्याचं टोक बोटावर घेऊन बघितलं, अख्खा निघाला का ते. मग फुंकर मारून उडवून दिलं. माझा पाय खाली ठेवला आणि आमच्या घराकडं तोंड करून म्हणाला, "लिवा. आज धूर दिसला न्हाई."

मी लिहिलं. त्यावर आम्ही कधीही बोललो नाही, त्या दिवशीही नाही.

आत्याला मात्र सांगता येईना. तिच्या पोटात काही राहत नसे आणि तिच्या आवाजाला वेस पुरत नसे. ती बोलली असती तर खोली पडली असती आणि दारोगा तुरुंगात गेला असता. उलट गाव जितकं हसेल तितका तो आंधळा ठरेल, असं मी धरून चाललो, आणि म्हशीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायला लागलो. दारोगा आंधळा हे ठसवायला पहिल्या पाच-दहा वेळा सांगितली असेल. पुढची चाळीस वर्षं कशासाठी सांगितली? लोक हसत होते म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

त्याच्या कानावर ती गेली होती. बुरूज उतरताना एकदा म्हणाला, "मास्तर, म्हशीनं मान हलवली म्हणे." मी पायऱ्या मोजत उतरत राहिलो. "बरं केलं," तो म्हणाला. "लोकं मानत न्हाईत नायतर."

चुलता काही गप्प बसला नव्हता. आंधळ्या दारोग्याला धूर कसा दिसेल, असा त्याचा अर्ज बीडला गेला. तोवर बीडला रोजचे कागद साचले होते, प्रत्येकात धूर नाही असं लिहिलेलं, आणि त्यावरून आमच्या परसाची मिसल, म्हणजे फाईल, बंद करून टाकली होती. उघडायला पुन्हा त्याच मोठ्या साहेबांची सही लागणार, आणि ते बदलून गेले होते. मग डोळे तपासायला एक डॉक्टर आला. चावडीसमोर त्यानं दारोग्यापुढं हात धरला आणि विचारलं, किती बोटं?

"कुणाची?" दारोगा म्हणाला.

नोकरी गेली. नवीन दारोगा आला तो पोटानं मोठा. बुरुजाच्या पायऱ्या बघूनच त्यानं सांगितलं, की धूर बघणं हे शास्त्राला धरून नाही. आत्याची चूल पेटत राहिली.

पगाराचा हिशेब होईपर्यंत जुना दारोगा आणखी काही महिने गावातच होता, आंधळाच. दुपारी चाचपडत आमच्या बोळातून जाई, तेव्हा आत्या त्याला दारातून भाकरी देई. आंधळ्याला वाढलं की पुण्य लागतं, असं ती म्हणे. यावरूनच गावानं ती पहिली गोष्ट रचली. त्या दोघांमध्ये काही नव्हतं. त्यानं हे आत्यासाठी केलं की स्वतःच्या त्या एका निवाड्यासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटतं हट्टासाठीच केलं असावं. ज्या हट्टापायी तो सत्तर वर्षांच्या बाळंतिणी तपासायला जायचा, तोच हा.

जाण्याच्या दिवशी मोमिनाबादला जाणारी एक गाडी वेशीत उभी होती. मी त्याला हाताला धरून बोळातून नेलं. सामान म्हणजे एक वळकटी आणि छत्री. लोक बघत होते, पोरं मागून म्हशीसारखी हंबरत होती. ती पोरं माझ्याच वर्गातली. आमच्या परसाच्या भिंतीपाशी आलो तेव्हा माझा हात किंचित दाबून, तोंड समोर ठेवूनच तो म्हणाला, "आत्याबाईला सांगा, ओली लाकडं जाळू नका. लई दिसतंय."

गाडी गेली. मी तडक परसात गेलो आणि आत्याला सगळं सांगितलं. काटा, बुरूज, रोजचे कागद, सगळं. आता सांगायला हरकत नव्हती. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हंजे दिसत व्हतं त्याला?"

"दिसत होतं."

"समदं?"

"सगळं."

तव्यावरची भाकरी फुगली, बसली, तिनं उलटली नाही. मला वाटलं मिसलीचं, खोलीचं काही विचारील. ती चुलीकडं बघत म्हणाली, "रोज भाकरी दिली की त्याच्या तोंडापुढं त्याची नक्कल करायची रं मी. असं नाक वर करून, चाचपडत. डोळं फिरवून दाखवायची. बोळातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या."

"आणि तो?"

"उबा ऱ्हायचा," आत्या म्हणाली. "माझं होईस्तोवर भाकरी धरून उबा ऱ्हायचा. मंग सलाम करायचा आन् जायचा. मला वाटायचं, वाट घावंना म्हणून थांबलाय."